लाओत्से कोण होता, आणि ‘ताओ’ला मराठीत काय म्हणावं?

रानवाट

गेली दोन वर्षं रात्रीची जेवणं उरकली की मी टेबलावर एक वही, दोन शब्दकोश आणि ‘ताओ ते चिंग’ हे लाओत्सेच्या नावावरचं जुनं चिनी पुस्तक घेऊन बसते. मूळ चिनीवरून मराठीत आणायचं, मध्ये इंग्रजी येऊ द्यायचं नाही, एवढा हट्ट आहे. पुस्तक लहान आहे. सगळी मिळून पाच हजारांच्या आसपास अक्षरं, ८१ प्रकरणं, त्यातली काही चार-सहा ओळींत संपतात. पण एकेक ओळ आठवडाभर जागची हलत नाही.

सध्या गाडी दोन ठिकाणी अडली आहे. एक म्हणजे अगदी पहिला शब्द, ‘ताओ’. दुसरं अकरावं प्रकरण, ज्यात चाक, मडकं आणि खोली येते. पण त्याही आधी एक प्रश्न सुटत नाही: हे लिहिलं कोणी? ते ठरल्याशिवाय मराठीत आवाजच सापडत नाही. एक म्हातारा बोलतोय असं धरलं तर वाक्यं एका चालीत येतात. अनेकांच्या तोंडून घडत आलेली वचनं आहेत असं धरलं तर चाल बदलते.

आपल्याला माहीत असलेली गोष्ट सिमा छ्येनची. हान दरबारातल्या या इतिहासकाराने इ.स.पू. १०० च्या सुमारास लिहिलेल्या इतिहासात लाओत्सेचं छोटं चरित्र आहे. चू राज्यातला माणूस, आडनाव ली, नाव अर, झोऊ राजांचा दफ्तरदार. कन्फ्यूशियस त्याच्याकडे विधी-आचारांबद्दल विचारायला गेला. परत येऊन शिष्यांना म्हणाला, पक्षी उडतो, मासा पोहतो, जनावर पळतं हे मला कळतं. पळत्याला जाळं लावता येतं, पोहत्याला गळ, उडत्याला बाण. पण ड्रॅगन वारा नि ढगांवर बसून आकाशात कसा जातो ते मला कळत नाही. आज लाओत्सेला भेटलो, तो ड्रॅगनसारखा आहे.

पुढे झोऊंचा पडता काळ बघून लाओत्से निघाला. खिंडीच्या नाक्यावरचा अधिकारी यिन शी म्हणाला, तुम्ही आता जगापासून लपणार, तर माझ्यासाठी काही लिहून ठेवा. त्याने ताओ आणि ‘ते’ (अंगचा गुण, अंगची शक्ती) या विषयांवर दोन भागांत पाच हजारांहून थोडी जास्त अक्षरं लिहिली आणि गेला. कुठे संपला, कोणाला कळलं नाही. (चित्रांत तो बैलावर बसलेला असतो. सिमा छ्येनने बैलाचा उल्लेखही केलेला नाही, तो मागाहून आला.)

मला धरून ठेवते ती या चरित्राची पुढची बाजू. तो लगेच सांगतो की लाओ लायत्से नावाचाही कोणी होता, तोही चू राज्यातला, तोही कन्फ्यूशियसच्या काळातला. मग सांगतो की कन्फ्यूशियसच्या मृत्यूनंतर १२९ वर्षांनी दान नावाचा झोऊंचा एक दरबारी इतिहासकार छिनच्या राजाला भेटला होता. कोणी म्हणतात तोच लाओत्से, कोणी म्हणतात नाही, खरं काय ते जगात कोणाला ठाऊक नाही. दोन हजार वर्षांपूर्वी, चीनमधली सगळी दफ्तरं हाताशी असलेला माणूस असं लिहून ठेवतो. मला त्याच्या या प्रामाणिकपणाचं फार अप्रूप वाटतं.

‘लाओत्से’ हे नावसुद्धा नाव म्हणून पुरत नाही. लाओ म्हणजे म्हातारा, त्से म्हणजे गुरू.

तुम्हाला काय वाटतं? आणि ‘ताओ’ला काय म्हणू?

पिंपळपार

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

मी ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वी शाळेतल्या सरांच्या तोंडून ऐकली, आणि नोकरीत वाईट दिवस आले तेव्हा तिने मला आधार दिला. राज्य ढासळताना दिसतंय, माणूस उठतो, आरडाओरडा करत नाही, वेशीवर पाच हजार अक्षरं ठेवतो आणि निघून जातो. त्यामुळे ‘लाओत्से नव्हताच’ असं कोणी म्हटलं की घरातलं कोणी गेल्यासारखं होतं. दंतकथेचं पीठ बाजूला केलं तरी आत एक खरा माणूस असायला काय हरकत आहे? या पुस्तकाला एकच स्वर आहे असं मला वाचताना जाणवतं.

शांघायकर

पिंपळपार काका, तुमचं वाटणं समजतं. मी चांगशाला दोनदा गेलोय ते केवळ यासाठी, म्हणून तिथलं सांगतो.

चांगशाजवळ मावांगतुई इथे हान काळातली थडगी आहेत. १९७२ मध्ये पहिलं उघडलं, त्यात ताय सरदाराची पत्नी सापडली, शरीर जवळजवळ शाबूत. तिथला रेशमी अंगरखा फक्त ४९ ग्रॅमचा आहे. काचेपलीकडे बघताना वाफ टांगून ठेवल्यासारखा दिसतो. पण आपल्या कामाचं थडगं तिसरं, १९७३ मध्ये उघडलेलं. ते इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालं हे नक्की आहे, कारण आत तारीख लिहिलेली लाकडी पट्टी होती. त्यात रेशमावर लिहिलेली पुस्तकं निघाली आणि त्यांत लाओत्सेच्या दोन प्रती. एक पट्टीभोवती गुंडाळलेली, दुसरी घडी करून लाखेच्या पेटीत ठेवलेली. घडीची प्रत जिथे दुमडली होती तिथेच झिजून फाटली आहे. तपकिरी कापड, काळी अक्षरं, आणि ओळीच्या मध्येच एकदम काही नाही. मी तिथे बराच वेळ उभा होतो.

दोन गोष्टी त्यातून कळल्या. दोन्ही प्रतींत ‘ते’चा भाग आधी आहे आणि ‘ताओ’चा नंतर. आपण ज्याला पहिली ओळ म्हणतो ती तिथे पुस्तकाच्या मध्यावर येते. आणि रानवाट, तुमची अडलेली ओळसुद्धा तिथे जराशी वेगळी आहे. आजच्या पाठात ‘छांग’ ताओ म्हणतात, कायमचा ताओ या अर्थी. रेशमी प्रतींत ‘हंग’ आहे. अर्थ जवळपास तोच. पण ‘वन’ या हान सम्राटाचं नाव ल्यू हंग, आणि सम्राटाच्या नावातलं अक्षर लिहायचं नाही अशी रीत. म्हणून नंतरच्या नकलाकारांनी सगळीकडे अक्षर बदललं.

प्रतींचं वयही अशाच नावांवरून ठरलं. थोरल्या प्रतीत देश या अर्थी ‘बांग’ अक्षर सरळ लिहिलंय. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग. धाकट्या प्रतीत ते टाळून दुसरं अक्षर घातलंय. म्हणजे थोरली त्याच्या आधीची किंवा त्याच्याच काळातली, धाकटी त्याच्या नंतरची.

रानवाट

शांघायकर, खूप आभार. त्याच्याही मागे जाता येतं, आणि माझं मत तिथेच पालटलं.

१९९३ मध्ये हूपे प्रांतात कुओत्यान इथे एक थडगं उघडलं. चू राज्याच्या जुन्या राजधानीजवळचं, साधारण इ.स.पू. ३०० चं. आत बांबूच्या पट्ट्या होत्या, दोरा कुजून गेलेला, पट्ट्या विस्कटलेल्या. त्यात लाओत्सेतल्या ओळी सापडल्या, पण आजच्या पुस्तकाच्या सुमारे दोन पंचमांशच. त्यासुद्धा एका जुडीत नाहीत, तीन जुड्यांत. तिन्हींच्या पट्ट्यांची लांबी वेगळी; सगळ्यात लांब सुमारे ३२ सेंटिमीटर, सगळ्यात लहान २६ च्या आसपास. क्रम आजच्याशी जुळत नाही, ८१ प्रकरणं नाहीत, ताओ आणि ‘ते’ असे दोन भागही नाहीत. ते थडगं आधी चोरांनी फोडलं होतं, त्यामुळे ‘तेव्हा एवढंच पुस्तक होतं’ असं म्हणणं घाईचं होईल.

पण एक पुरावा चोरांनाही पुसता आला नाही. चौसष्टाव्या प्रकरणाचा उत्तरार्ध तिथे दोन जुड्यांत दोनदा येतो, आणि दोन्हीकडे शब्द वेगळे आहेत. एकाच माणसाच्या थडग्यात एकाच उताऱ्याची दोन रूपं! जात्यावरच्या ओव्या दोन गावांत दोन तऱ्हेने म्हणतात, तसं. एका माणसाने एका रात्री नाक्यावर लिहून दिलेल्या पुस्तकाचं हे लक्षण मला वाटत नाही.

त्याहून मोठी गोष्ट एकोणिसाव्या प्रकरणात आहे. आजचा पाठ म्हणतो, माणुसकी सोडा, नीती टाका, मग लोक पुन्हा आईबापांवर माया करू लागतील. ‘माणुसकी’ आणि ‘नीती’ ही कन्फ्यूशियसच्या परंपरेची दोन मुख्य अक्षरं, म्हणजे हा थेट हल्ला. कुओत्यानच्या पट्ट्यांवर ती दोन्ही अक्षरं त्या ठिकाणी नाहीत. तिथे टाकायला सांगितलंय ते ढोंग, कावा, वादपटुत्व. आणि त्याच थडग्यात कन्फ्यूशियसच्या परंपरेचे ग्रंथही शेजारी ठेवलेले होते. म्हणजे इ.स.पू. ३०० च्या सुमारास एकच वाचक दोन्ही वाचत होता. भांडण पुढे वाढलं, आणि कोणीतरी ओळीत दोन अक्षरं बदलून ते पुस्तकात घातलं.

‘ताओवादी’ असा पंथ तेव्हा नव्हताच. ते नाव सिमा छ्येनच्या वडिलांनी, सिमा थानने, दिलं. त्याने जुन्या विचारवंतांचे सहा गट पाडले, त्यातला एक हा. तो वारला इ.स.पू. ११० मध्ये.

काका, म्हातारा मी तुमच्याकडून हिरावून घेत नाही. उलट मला आता तो एकटा दिसत नाही, त्याच्या शेजारी आणखी पुष्कळ म्हातारे बसलेले दिसतात.

पिंपळपार

वाचलं. दोनदा वाचलं. दोन रूपांचा मुद्दा मला मान्य करावा लागेल.

पण मग लाओत्सेला म्हणतात ते ‘लाओ दान’ हे नाव एवढं का टिकलं? काहीतरी आधार असल्याशिवाय का?

मध्यमपदलोपी

आधार आहे, पण तो अनपेक्षित ठिकाणी आहे. विधींच्या जुन्या ग्रंथात कन्फ्यूशियस अंत्यविधींच्या बारकाव्यांबद्दल बोलताना ‘हे मी लाओ दानकडून ऐकलं’ असं सांगतो. एकदा लाओ दानबरोबर अंत्ययात्रेत असताना सूर्यग्रहण लागलं, तेव्हा लाओ दानने सगळ्यांना रस्त्याच्या कडेला थांबवलं आणि रडणं बंद करून ग्रहण सुटेपर्यंत थांबायला सांगितलं. हा लाओ दान विधींचा काटेकोर जाणकार आहे, विधी झुगारणारा गूढवादी नव्हे.

च्वांगत्से या जुन्या चिनी विचारवंताच्या ग्रंथात तिसऱ्या प्रकरणात लाओ दानच्या मृत्यूची गोष्ट आहे. एक मित्र येतो, तीनदा हंबरडा फोडतो आणि निघून जातो. शिष्य विचारतात, एवढंच? म्हणजे च्वांगत्सेच्या लेखी तो घरी, माणसांत वारला होता. नाक्यापलीकडे नाहीसा झालेला लाओत्से त्याला ठाऊक नव्हता, असं दिसतं.

आता ‘ताओ’कडे. या शब्दाच्या भाषांतराचा वाद चौदाशे वर्षं जुना आहे आणि त्यात आपल्या ओळखीचा एक माणूस आहे. शाळेच्या पुस्तकातला ह्युएनत्संग, म्हणजेच युआन च्वांग. हाच महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचं वर्णन करून गेला. तो चीनला परतल्यावर कामरूपचा राजा भास्करवर्मा याच्यासाठी लाओत्सेचं पुस्तक संस्कृतात करावं, अशी थांग सम्राट थायझोंगची आज्ञा झाली. साल ६४७. मदतीला ताओपंथी पंडित बसवले. पहिल्याच शब्दावर भांडण! पंडितांचं म्हणणं, ताओ म्हणजे ‘बोधि’. युआन च्वांग म्हणाला, अजिबात नाही, ताओ म्हणजे ‘मार्ग’. बौद्ध परिभाषा आत घुसवली तर दोन्ही विचारांचा चिखल होईल अशी त्याची भूमिका होती. त्या संस्कृत भाषांतराची प्रत आज हाती नाही. हातात असती तर या धाग्याचा अर्धा भाग वाचला असता.

अक्षराची घडणही मार्गाकडेच जाते. एका बाजूला चालण्याचं चिन्ह, दुसऱ्या बाजूला डोकं.

जिज्ञासा

मी यात अगदी नवीन आहे, म्हणून साधे प्रश्न. मराठीत ‘वाट’ का नको? ‘मार्ग’ म्हटलं की सरकारी फलक डोळ्यासमोर येतो. वाट पायांनी पडते.

शिवाय लाओत्से भारतात आला होता आणि बुद्ध त्याचा शिष्य होता, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं आहे का? आणि ‘वू वेइ’, म्हणजे या पुस्तकातलं ‘न करणं’, हे गीतेतलं निष्काम कर्मच ना?

मध्यमपदलोपी

भारताची गोष्ट इ.स. ३०० च्या सुमारास रचली गेली. बौद्धांशी स्पर्धा होती, म्हणून एका ताओपंथी लेखकाने नाक्यापलीकडे गेलेल्या लाओत्सेला पश्चिमेकडे नेऊन बुद्धाचा गुरू केलं. त्यावरून शतकानुशतकं वाद पेटले, आणि १२८१ मध्ये कुबलाई खानाने ताओपंथी ग्रंथ जाळायचा हुकूम काढला. त्यातून एक पुस्तक वगळलं होतं: ‘ताओ ते चिंग’.

अवांतर, पण मराठी माणसाच्या फायद्याचं: हल्ली ‘दाओ’ लिहायची पद्धत पडते आहे, कारण १९५८ पासूनच्या पिनयिन या रोमन पद्धतीत तिथे ‘डी’ असतो. पण चिनी उच्चारात तो घोष नाही, त आणि थ मधला फरक फक्त श्वासाचा आहे. आपल्याकडे त आणि थ दोन्ही आहेत, त्यामुळे ‘ताओ’ हेच मुळाला जवळ आहे. आणि लाओत्सेमधलं ‘त्स’ म्हणजे आपला चाक, चूल, चमचा यातला च. हिंदीवाल्याला जे जमवून घ्यावं लागतं ते आपल्या तोंडात उपजत आहे.

रानवाट

‘चाक’मधला च! हे मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं.

जिज्ञासा, ‘वाट’ माझ्याही वहीत पहिल्या पानावर आहे, तीनदा लिहून तीनदा खोडलेली. मूळ ओळ आहे ‘ताओ ख ताओ, फेइ छांग ताओ’. सहा अक्षरांत ताओ तीनदा येतो. मधला ताओ क्रियापद आहे, आणि ताओचा दुसरा अर्थ ‘सांगणं’. जो ताओ सांगता येतो तो कायमचा ताओ नव्हे. मराठीत ‘वाट’ आणि ‘वाटणं’ अशी जोडी कानाला फार गोड लागते, पण वाटणं म्हणजे सांगणं नव्हे, ते मनात राहतं. तिथे मी फसवणूक करेन. सध्या तरी ‘ताओ’ तसाच ठेवून खाली ‘वाट’ समजावते आहे.

वू वेइबद्दल. निष्काम कर्मात कर्म ठरलेलं आहे, कर्तव्य आहे, आणि फळ सोडायचं आहे. वू वेइमध्ये कर्तव्याची भाषाच नाही. तिथे ढवळाढवळ सोडायची आहे. आणि हा उपदेश बहुतेक ठिकाणी राजाला आहे, हे विसरलं की पुस्तक हातातून निसटतं. सतरावं प्रकरण म्हणतं, सगळ्यात उत्तम राजा तो, जो आहे एवढंच प्रजेला ठाऊक असतं. त्याखालचा आवडता, त्याखालचा भीती वाटणारा, आणि तळाचा तो, ज्याला लोक तुच्छ मानतात.

पिंपळपार

तो काळ लढाईचा होता, हे इथे कोणीतरी म्हणायला हवं. झोऊंचं नाव उरलं होतं आणि सात मोठी राज्यं एकमेकांच्या उरावर बसली होती. इ.स.पू. २२१ मध्ये छिनने सगळ्यांना गिळेपर्यंत हे चाललं. म्हणून तिसाव्या प्रकरणात येतं, सैन्याचा तळ पडतो तिथे काटेरी झुडपं उगवतात. पंचाहत्तराव्यात येतं, लोक उपाशी का, तर वरचे करात फार धान्य खातात. एकतिसाव्यात विजयसुद्धा अंत्यविधीसारखा पाळायला सांगितलाय, कारण माणसं मेलेली असतात.

रानवाट, हे एकतिसावं तुमच्या कुओत्यानच्या पट्ट्यांत आहे का?

रानवाट

आहे, काका. तिसऱ्या जुडीत, आणि त्याच जुडीत सतरावंही आहे. लढाई आणि राज्यकारभार, दोन्ही सगळ्यात जुन्या थरात आहेत. उलट ज्याच्यामुळे हे पुस्तक जगभर गूढ म्हणून गाजलं ते पहिलं प्रकरण तिथे सापडलेलं नाही.

खाडीकिनारा

मी गप्प वाचत होते, पण साठाव्या प्रकरणाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ‘मोठं राज्य चालवणं म्हणजे लहान मासे शिजवणं.’ भाषांतर करणारे यावर पानंच्या पानं लिहितात. आमच्याकडे कोणत्याही बाईला विचारा. मांदेली रव्यात घोळवून तव्यावर टाकली की हात आवरायचा. एक बाजू धरेपर्यंत उलथनं लावायचं नाही. सारखी उलटीपालटी केली की साल तव्याला, काटा हातात आणि ताटात चुरा. सुरमईच्या तुकडीला चार वेळा उलटलं तरी चालतं, लहान माशाला चालत नाही. माझी सासू नवीन सुनेला एवढंच सांगायची, ‘त्याला त्याचं होऊ दे.’

मध्यमपदलोपी

खाडीकिनारा, तुमचा अर्थ जुन्यात जुन्या टीकाकाराशी तंतोतंत जुळतो. हान फेइ, इ.स.पू. तिसरं शतक. तो लिहितो, लहान मासा शिजताना सारखा ढवळला तर त्याची झळाळी जाते, आणि मोठ्या राज्यात सारखे कायदे बदलले तर प्रजा हाल सोसते. हान फेइ स्वतः कडक कायद्यांचा पुरस्कर्ता होता, तरी या ओळीपाशी तो थांबला.

लाओत्से देव कधी झाला, तेही सांगून टाकतो. इ.स. १४२ मध्ये सिचुआनमध्ये चांग ताओलिंगने लाओत्से आपल्यापुढे प्रकटल्याचं सांगितलं आणि पंथ उभारला. अनुयायांनी पाच मापं तांदूळ द्यायचा, म्हणून त्याला तेच नाव पडलं. थांग घराण्याचं आडनाव ली, म्हणून त्यांनी लाओत्सेला आपला पूर्वज ठरवून सम्राटाची पदवी दिली. हा सगळा पुढचा इतिहास आहे.

सुताराचा नातू

माझं शिक्षण बेताचं. चिनी येत नाही. पण अकराव्या प्रकरणात चाक आहे असं ताईंनी लिहिलंय म्हणून लिहितो. माझे आजोबा बैलगाडीची चाकं करायचे. गावात आणि आजूबाजूच्या सात-आठ गावांत त्यांचीच चाकं चालायची. ते प्रकरण इथे पूर्ण द्याल का? त्यात आरे किती सांगितलेत?

रानवाट

तीस! माझा कच्चा खर्डा देते, पण तो मला आवडत नाही:

‘तीस दांड्या मध्यभागी एकत्र येतात. तिथल्या शून्यतेमुळे रथाला उपयुक्तता प्राप्त होते. माती कालवून पात्र बनवतात. तिथल्या शून्यतेमुळे पात्राला उपयुक्तता प्राप्त होते. दारं-खिडक्या पाडून कक्ष बनवतात. तिथल्या शून्यतेमुळे कक्षाला उपयुक्तता प्राप्त होते.’

तीस हा आकडा कल्पनेतला नाही. कारागिरीच्या जुन्या चिनी ग्रंथात रथाच्या चाकाला तीस आरे सांगितलेत, आणि पहिल्या छिन सम्राटाच्या थडग्याजवळ सापडलेल्या काशाच्या रथांच्या चाकांनाही तेवढेच आहेत.

सुताराचा नातू

तीस म्हणजे फार नाजूक काम. आमच्याकडच्या चाकाला बारा.

ताई, ‘मध्यभाग’ असं कोणी म्हणत नाही. त्याला तुंबा म्हणतात. बाभळीचा ठोकळा, नीट वाळवलेला. त्याच्या अंगावर चौफेर खाचा पाडायच्या, त्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर बाहेरून पाट्यांचा गोल, आणि त्यावर लोखंडी धाव. धाव तापवून लाल करायची, चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. थंड होताना ती आवळते आणि सगळं चाक कडकड आवाज करत घट्ट बसतं. लहानपणी तो आवाज ऐकायला आम्ही पोरं धावत जायचो.

पण खरं काम तुंब्याच्या भोकाचं. आजोबा आधी गिरमिटाने पाडायचे, मग पटाशीने आतून साफ करायचे आणि बोट घालून फिरवायचे. डोळे मिटून. बोटाला कुठे अडलं तर परत पटाशी. भोक घट्ट झालं तर आस तापतो, वंगण जळतं, बैल दमतो. सैल झालं तर चाक लडबडतं आणि आरे सुटतात. किती ठेवायचं विचारलं तर म्हणायचे, ‘बोटाला विचार.’ माझ्या वडिलांनी दहा वर्षं विचारलं, पण त्यांचं बोट काही सांगेना. त्यांनी गिरणीत नोकरी धरली.

मध्यमपदलोपी

सुताराचा नातू, तुम्ही जे लिहिलंत ते च्वांगत्सेने लिहून ठेवलंय. हा इ.स.पू. चौथ्या शतकातला, लाखेच्या बागेवरचा लहानसा अधिकारी. त्याच्या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात छीचा राजा हुआन वर दिवाणखान्यात वाचत बसलाय आणि खाली अंगणात प्येन नावाचा कारागीर चाक तासतोय. तो पटाशी ठेवतो, वर जातो आणि विचारतो, महाराज काय वाचताय? ऋषींचे शब्द. ऋषी जिवंत आहेत? नाहीत. मग आपण वाचताय तो मेलेल्यांचा चोथा.

राजा भडकतो. कारण सांग, नाहीतर मरशील. प्येन म्हणतो, माझ्या कामातून सांगतो. चाक करताना सैल गेलं तर गोड लागतं पण धरत नाही, घट्ट गेलं तर कडू लागतं आणि शिरत नाही. (मूळात खरोखर ‘गोड’ आणि ‘कडू’ हेच शब्द आहेत.) सैलही नाही, घट्टही नाही, हे हाताला कळतं, तोंडाला सांगता येत नाही. मी ते मुलाला शिकवू शकत नाही, मुलगा माझ्याकडून घेऊ शकत नाही, म्हणून सत्तराव्या वर्षीही मीच चाकं करतोय.

सुताराचा नातू

हे मी आत्ता वडिलांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, परत वाच.

रानवाट

काल रात्री बाकी सगळं बाजूला ठेवून हेच केलं. ‘शून्यता’ आणि ‘उपयुक्तता’ दोन्ही काढून टाकले. मूळ अक्षर ‘वू’ म्हणजे साधं ‘नाही’. आणि तिसऱ्या प्रतिमेतलं क्रियापद पटाशीने कोरण्याचं आहे. तिथल्या पिवळ्या मातीच्या मुलखात लोक टेकडी कोरून घरं करतात, म्हणून तेही आता ‘पाडून’ऐवजी ‘कोरून’ केलं:

तीस आऱ्यांना एक तुंबा.
त्यात जे नाही, त्याने गाडी चालते.
माती मळून मडकं घडतं.
त्यात जे नाही, त्याने मडकं कामाला येतं.
दार-खिडकी कोरून खोली होते.
तिथे जे नाही, त्याने खोली राहती होते.
म्हणून आहे ते गाठीला, नाही ते कामाला.

शेवटची ओळ अजून टोचते आहे, ती म्हणीसारखी फार गुळगुळीत झाली. आणि एक राहिलंच: तुंब्यातल्या त्या भोकाला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का?

सुताराचा नातू

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, आजोबा त्याला घर म्हणायचे. ‘आसाचं घर.’ घर नीट झालं का, घर अजून आवळ आहे, असं बोलायचे. मागच्या पडवीत त्यांच्या हातचं एक चाक अजून आहे. धाव गंजली, दोन आरे गेले, पण मी बोट घालून बघितलं, घर अजून गुळगुळीत आहे.

रानवाट

घर! म्हणजे पहिल्या ओळीतल्या चाकात घर आणि तिसऱ्या प्रतिमेतही घर. खोली खोडली. आज रात्री पुन्हा पहिल्या ओळीपासून बसते.